डबल क्लिक करूनही प्रोग्रॅम उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

महिन्याची दहा तारीख. उद्या जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची शेवटची मुदत आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या ऑफिसात अकाउंटचं सॉफ्टवेअर उघडेना. डबल क्लिक केलं की कर्सर दोन सेकंद गोल फिरतो, परत बाण होतो, पुढे काही नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, फॉरमॅट मारा. दोन, कुठलीशी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची फाइल) नेटवरून उतरवून सिस्टिम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्ये टाका. दोन्ही ऐकू नका. फॉरमॅटमध्ये अख्खा दिवस जातो, कारण कळत नाही, आणि नंतर तीच सगळी सॉफ्टवेअरं परत टाकली की तोच घोळ परत होतो. नेटवरच्या डीएलएलमध्ये काय भरलेलं आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज उघडत नसेल, तर बहुतेक वेळा मध्ये काहीतरी बदललं आहे: नवीन सॉफ्टवेअर, अपडेट, अँटिव्हायरस, प्रिंटरचा ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्याशी जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर). त्या बदलापर्यंत पोचायचं. डेटाचा बॅकअप आणि ॲडमिनचा पासवर्ड हाताशी आहे असं धरून चालतो.

आधी रीस्टार्ट करा. शट डाऊन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप ही विंडोजची सोय चालू असेल तर शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर तसाच राहतो.

मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये प्रोग्रॅमचं नाव आधीच दिसतंय का ते बघा. बरेच प्रोग्रॅम एका वेळी एकदाच उघडू देतात. जुनी प्रत मागे लपून चालू असेल, तर नवी तिला बघून गुपचूप बंद होते. एंड टास्क करा आणि पुन्हा उघडा.

नोंद वाचा, अंदाज करू नका

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, शोधून उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. प्रोग्रॅम उघडायचा प्रयत्न केला त्या मिनिटाची लाल खुणेची, इव्हेंट आयडी १००० असलेली नोंद शोधा. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या: फॉल्टिंग मॉड्यूलचं (जिथे प्रोग्रॅम पडला त्या फाइलचं) नाव, त्याचा पाथ (ती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता) आणि एक्सेप्शन कोड (त्रुटीचा क्रमांक).

पाथ सगळ्यात महत्त्वाचा. तो भलत्याच कंपनीच्या फोल्डरमधला असेल, तर भांडण कुणाशी आहे ते तिथेच कळलं. मॉड्यूल एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस ही विंडोजचीच फाइल असेल, तर त्याला दोष देऊ नका. प्रोग्रॅम पडला ती फक्त जागा आहे, पाडणारा दुसरा कुणीतरी असतो. एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० ही व्हिज्युअल सी++ रनटाइमची (अनेक प्रोग्रॅमना चालायला लागणारी) फाइल असेल, तर पाथ पुन्हा वाचा. सिस्टिम३२ किंवा सिसवाऊ६४ या विंडोजच्या फोल्डरमधली फाइल असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ चा नवा रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे या फाइलींचा पॅक, टाका. प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच फोल्डरमधली फाइल असेल, तर तो टाकून उपयोग नाही. विंडोज सहसा आधी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये बघतं आणि तिथे पडलेली जुनी प्रतच उचलतं. त्या फाइलचं नाव बदलून बघा, नाहीतर प्रोग्रॅम रिपेअर करा.

कोडवरूनही बरंच कळतं. सी००००१३५ म्हणजे लागणारी डीएलएल सापडली नाही. सी०००००७बी म्हणजे बहुधा ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ. सी००००००५ म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला गेला. नव्या प्रोग्रॅमला जुना रनटाइम मिळाला किंवा बाहेरच्या सॉफ्टवेअरने त्यात आपली डीएलएल घुसवली, की हा कोड येऊ शकतो.

रीडिस्ट्रिब्युटेबलची यादी लांब दिसते म्हणून २००८, २०१०, २०१३ वगैरे 'जादा' प्रती काढून टाकू नका. २०१५ पासूनच्या आवृत्त्यांना एकच पॅक चालतो, पण त्याआधीच्या प्रत्येक वर्षाचा वेगळा लागतो. ६४ बिटच्या विंडोजवरही एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही ठेवा.

क्लीन बूट: इथेच बहुतेकांचं चुकतं

नोंदीतून काही हाती लागलं नाही, तर बाहेरची सगळी सॉफ्टवेअरं बंद ठेवून विंडोज चालू करायचं, यालाच क्लीन बूट म्हणतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून उघडा, सर्व्हिसेस (मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम) टॅबवर जा. काही बदलण्याआधी अख्ख्या यादीचे मोबाइलवर फोटो काढा, कुठल्या टिक आधीपासून नव्हत्या ते दिसेल असे. हे टाळू नका. शेवटी जनरल टॅबवरचं नॉर्मल स्टार्टअप निवडलं, की मुद्दाम बंद ठेवलेल्या सर्व्हिसही चालू होतात आणि नवाच घोळ सुरू होतो.

आता हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर टिक करा आणि मगच डिसेबल ऑल. क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिस बंद पडतात, नेटवर्क आणि पिनने लॉगिन करणंसुद्धा अडू शकतं. बूट टॅबला हात लावू नका. सेफ बूटची टिक राहिली, तर ती काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतं. स्टार्टअपचे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून डिसेबल करा आणि रीस्टार्ट करा.

मोठा सापळा पुढे आहे. तुमच्या प्रोग्रॅमची स्वतःचीही एखादी सर्व्हिस असू शकते: लायसन्सची, डोंगलची (यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या चावीची), किंवा मायएसक्यूएल, फायरबर्डसारख्या डेटाबेसची. या मायक्रोसॉफ्टच्या नसल्यामुळे डिसेबल ऑलमध्ये त्याही बंद होतात. मग प्रोग्रॅम उघडत नाही, पण वेगळ्याच कारणाने, आणि माणूस 'क्लीन बूट करूनही होत नाही, म्हणजे विंडोजच खराब' म्हणून थेट फॉरमॅटकडे वळतो. म्हणून प्रोग्रॅमच्या, डेटाबेसच्या आणि डोंगलच्या सर्व्हिसवर टिक परत करा, मगच चाचणी खरी.

क्लीन बूटमध्ये प्रोग्रॅम उघडला, तर दोषी बंद केलेल्या सर्व्हिसमध्ये किंवा स्टार्टअपच्या प्रोग्रॅममध्येच आहे. एकेक चालू करत बसू नका; यादी अर्धी करा. चाळीस सर्व्हिस असतील तर वीस चालू करा आणि रीस्टार्ट करा. उघडला, तर दोषी उरलेल्या विसांत. नाही उघडला, तर चालू केलेल्यांत. वीसाचे दहा, दहाचे पाच, असं पाच-सहा रीस्टार्टमध्ये नाव हाती येतं. दोन्ही निम्मे वेगवेगळे चालू करूनही प्रोग्रॅम उघडत असेल, तर दोन सॉफ्टवेअरं मिळून अडवताहेत. अशा वेळी पहिला निम्मा कायम चालू ठेवून दुसऱ्यातून शोधा, मग उलट.

क्लीन बूटमध्येही उघडला नाही, तरी सॉफ्टवेअरचं भांडण नाहीच, असं म्हणता येत नाही. क्लीन बूटमध्ये ड्रायव्हर बंद होत नाहीत, आणि अँटिव्हायरस तर स्वतःची सर्व्हिस अशी सहजी बंद करू देत नाही. एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) गाळ्यावर नवीन पीसी येतो तेव्हा कंपनीने टाकलेला चाचणी (ट्रायल) अँटिव्हायरस आत असतो, त्यावर पीसीवाला दुसरा टाकून देतो. दोघं एकाच वेळी प्रत्येक फाइल अडवून तपासत बसतात. घड्याळाशेजारच्या चिन्हावरून 'पॉज' केल्याने त्यांचे ड्रायव्हर निघत नाहीत. एक ठेवा, दुसरा त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा.

मराठी टायपिंग आणि मराठी नाव

या दोन कारणांकडे कुणी बघत नाही, आणि आपल्याकडे ती वारंवार निघतात. जुन्या फाँटसाठी कीबोर्ड बदलणारी काही सॉफ्टवेअरं उघडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपली डीएलएल घालतात. डीटीपीच्या (छपाईची मांडणी करणाऱ्या) मशीनवर अशी दोन-दोन एकदम चालू असतात. दोन्ही पूर्ण बंद करून प्रोग्रॅम उघडून बघा. फक्त युनिकोड (सगळीकडे चालणारं मराठी) लिहायचं असेल, तर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. तो वापरा आणि बाहेरचा काढा.

दुसरं, विंडोजमधल्या युजरचं नाव. ते देवनागरीत असलं, की सी ड्राइव्हवरच्या युजर्समधलं फोल्डरही देवनागरीत तयार होतं. जुने, युनिकोड न समजणारे प्रोग्रॅम तो पाथ वाचूच शकत नाहीत आणि काही न सांगता बंद पडतात. इंग्रजी नावाचा नवा लोकल युजर करा आणि त्यात उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. तिथे चाललं, तर त्याच युजरवर काम हलवा. आधीच्या फोल्डरचं नाव हाताने बदलू नका, अख्खं प्रोफाइल बिघडतं. याच्या उलटही होतं: रीजन सेटिंगमधली यूटीएफ-८ ची (युनिकोडची) बीटा टिक कुणी चालू केली असेल, तर काही जुने प्रोग्रॅम त्यामुळेच अडतात. ती काढून रीस्टार्ट करा.

पोर्ट

सर्व्हरसारखे चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे डेटाबेस किंवा डिजिटल सहीची युटिलिटी, पोर्ट (नेटवर्कवरचा त्यांचा ठरलेला क्रमांक) मोकळा नसेल तर सुरूच होत नाहीत. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबखाली लिसनिंग पोर्ट्समध्ये कोण बसलंय ते दिसतं. दोन सॉफ्टवेअरांनी आपापला मायएसक्यूएल आणला असेल, तर दोघंही ३३०६ मागतात. एकाचा नंबर त्याच्या सेटिंगमध्ये बदला.

दोषी सापडल्यावर आधी त्याचं अपडेट बघा. त्याने भागलं नाही, तर सर्व्हिसेसच्या खिडकीत त्याचा स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा, आणि तेही चाललं नाही तरच अनइन्स्टॉल. अँटिव्हायरस असेल, तर सूट फक्त त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरला द्या, सगळ्या सी ड्राइव्हला नाही. मग मोबाइलमधले फोटो उघडून एमएसकॉन्फिगच्या टिक जशा होत्या तशा लावा, टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप पूर्ववत करा, आणि एकदा रीस्टार्ट करून प्रोग्रॅम उघडतो का ते बघा.