कोचचं खातं हाती घेताना: कॉलेज बास्केटबॉल हंगामाआधीची तयारी

अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींपैकी काहींच्या वाट्याला असिस्टंटशिप (शिकता शिकता विद्यापीठात करायचं काम) म्हणून बास्केटबॉल टीमच्या सोशल मीडियाचं काम येतं. टीमचं अधिकृत खातं सांभाळायला डिझायनर, व्हिडिओवाले, फोटोग्राफर असा फौजफाटा असतो. कोचचं स्वतःचं खातं मात्र बऱ्याचदा कोच आणि एखादा सहाय्यक अशा दोघांच्याच भरवशावर चालतं. ही तयारी त्या सहाय्यकासाठी आहे. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो, पण कामाला ऑगस्टमध्येच लागावं. एफ-१ व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांहून जास्त काम करता येत नाही, आणि सामन्यांच्या आठवड्यात हे तास भराभर संपतात. वेळापत्रक हाती आलं की घरचे सामने, परगावचे दौरे आणि स्वतःच्या परीक्षा एकाच कागदावर मांडा. ज्या रात्री तुम्ही नसाल त्या रात्री फोन कोणाकडे असेल, हेही तेव्हाच ठरवा.

पहिलं काम कोचसमोर बसायचं. तासभर गप्पा मारा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि नंतर शांतपणे ऐका. माणूस लहान वाक्यं बोलतो की लांबलचक, जिंकल्यावर कोणाचं नाव आधी घेतो, हरल्यावर काय बोलतो, कोणते शब्द त्याच्या तोंडी कधीच येणार नाहीत, हे टिपून घ्या. पोस्ट तुम्ही टाइप केलीत तरी ती कोचची वाटली पाहिजे. चाहते वर्षानुवर्षं त्याच्या मुलाखती ऐकत आलेले असतात, त्यांना उसना आवाज पहिल्या ओळीत कळतो. कोचला लिहायची आवड नसेल तर तीस सेकंदांचा आवाज किंवा साधा व्हिडिओ घ्या. गुळगुळीत पोस्टरपेक्षा तोच जास्त पोचतो. घरच्यांचे फोटो चालतील का, मुलांचे चेहरे दाखवायचे का, देवाधर्माबद्दल आणि राजकारणाबद्दल कुठवर बोलायचं, हे प्रश्नही त्याच बैठकीत विचारून उत्तरं लिहून ठेवा.

या बैठकीआधी साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला टीमच्या कोच डॉन स्टेली यांचं खातं मागे मागे जाऊन वाचा, असं मी आवर्जून सांगेन. स्टेली २००८ मध्ये तिथे आल्या तेव्हा महिला सामन्यांना प्रेक्षक थोडे असत. आज त्यांच्या घरच्या कलोनियल लाइफ अरेनाच्या सुमारे १८,००० खुर्च्यांपैकी बहुतेक भरतात, आणि २०१४-१५ पासून सलग कित्येक हंगाम महिला सामन्यांच्या सरासरी गर्दीत ही टीम देशात पहिली राहिली. २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली, पण गर्दी पहिल्या विजेतेपदाच्या आधीपासून वाढत होती, हे ध्यानात घ्या. त्या आपल्या चाहत्यांना ‘फॅम’ म्हणतात, त्यांच्याशी थेट बोलतात, आणि त्यांच्या चॅम्प नावाच्या कुत्र्याचंही वेगळं खातं आहे. हे सगळं दुसऱ्या कोचने जसंच्या तसं उचललं तर जमणार नाही. शिकायचं ते इतकंच की फोनवर ओळख झालेला माणूस त्यांच्या सामन्याला येतो आणि तिथेही त्याला तोच आपलेपणा मिळतो. म्हणून तुमच्या तक्त्यात फॉलोअर्सच्या रकान्याशेजारी तिकिटांचा रकाना असू द्या. तिकीट खिडकीच्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. पुढे कित्येकदा तोच उपयोगी पडेल.

का, ते एका उदाहरणावरून सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंटकी विद्यापीठाने आपला सरावसामना स्वतःच्या लेक्सिंग्टन शहराऐवजी राज्याच्या पूर्वेकडे पाइकव्हिल गावी ठेवला. जुलैत त्या भागात महापूर आला होता आणि सामन्याचे पैसे पूरग्रस्तांना जायचे होते. प्रेक्षकांमध्ये एक खाणकामगार होता. पाळी संपवून तो थेट आला होता, चेहरा आणि कपडे कोळशाने काळे, सोबत लहान मुलगा. कुणीतरी फोटो काढला. कोच जॉन कॅलिपारी यांनी तो ट्विटरवर टाकला, आपल्या घराण्याची सुरुवातही वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीतूनच झाली असं लिहिलं, हा माणूस कोण ते माहीत नाही पण त्याच्यासाठी आणि कुटुंबासाठी केंटकीच्या घरच्या रप अरेनात तिकिटं ठेवली आहेत असं सांगितलं. माणूस सापडला, कुटुंब पाहुणे म्हणून आलं.

या पोस्टमध्ये वाक्यं मोजकीच आहेत, पण बारकाईने पाहा. फोटो दुसऱ्याचा, दुवा मात्र कोचच्या स्वतःच्या आयुष्यातला, आणि शेवटी कौतुकाच्या जोडीला प्रत्यक्ष देणं. तुमच्या कोचला असा क्षण कधी मिळेल सांगता येत नाही, पण मिळाला तर तासाभरात हालचाल करता यावी एवढी तयारी तुमच्या हातात आहे. प्रत्येक घरच्या सामन्याची काही तिकिटं कोचच्या नावाने राखून ठेवायची मुभा आधीच मागा. फोटोग्राफरला श्रेय कसं द्यायचं ते ठरवा. फोटोत लहान मूल असेल तर पालकांपर्यंत कोण पोचेल, आणि अचानक लाखो लोकांच्या नजरेत आलेल्या साध्या कुटुंबाला पुढचे दोन दिवस आधार कोण देईल, याचंही नाव लिहा. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सर्रास राहून जातो.

सप्टेंबरमध्ये कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे नियम पाळले जातायत ना ते बघणाऱ्या कार्यालयात जा. ज्या शाळकरी खेळाडूला कॉलेज आपल्याकडे आणू पाहतं त्या रिक्रूटबद्दलचे नियम तुम्हाला तोंडपाठ हवेत. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने २००७ मध्ये कोचांनी रिक्रूटना मेसेज करण्यावर बंदी घातली होती, पुरुष बास्केटबॉलमध्ये ती २०१२ मध्ये उठली, आणि १ ऑगस्ट २०१६ पासून रिक्रूटच्या पोस्टला लाइक करणं किंवा ती पुढे पाठवणंही चालू लागलं. म्हणून कोचच्या खात्यावर बोट दाबलेलं चालतं, पण मुलाने कॉलेजच्या करारावर सही करण्याआधी त्याच्याबद्दल स्वतःचे शब्द लिहिलेले चालत नाहीत. त्याला आपण विचारात घेतोय, यापलीकडे जाहीर बोलायची सोय नाही. अभिनंदनाचा साधा एक शब्दही अडचणीत आणू शकतो. नियम बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. आपल्याच खेळाडूंबद्दलही दोन गोष्टी कायमच्या बंद ठेवा: परीक्षेचे गुण आणि दुखापत. गुणांची गोपनीयता कायद्याने राखलेली आहे, आणि आता बऱ्याच राज्यांत सट्टा कायदेशीर झाल्यामुळे घोट्याला बांधलेल्या पट्टीचा फोटोसुद्धा कोणाच्या तरी पैशाचा विषय होतो. एसईसीसारख्या परिषदांमध्ये (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांमध्ये) कोण खेळू शकेल याची यादी ठरलेल्या वेळी अधिकृतपणे निघते. त्याआधी तुमच्या रीलमधून ती फुटता कामा नये. सरावाचा व्हिडिओ टाकण्याआधी मागे कोण बर्फ लावून बसलंय ते नीट बघा, आणि फळ्यावर डाव लिहिलेला नाही ना, तेही.

गाण्यांचं काय, तर स्वतःहून काही लावू नका. मार्च २०२५ मध्ये सोनी म्युझिकने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर दावा लावला, त्यात क्रीडा विभागाच्या सोशल मीडिया व्हिडिओंत परवानगीविना वापरलेल्या १७० गाण्यांचा उल्लेख होता. परवाना असलेलं संगीत कुठून घ्यायचं ते विभागाला विचारा. नाहीतर विद्यापीठाचा बँड आहेच, तो चाहत्यांना जास्त आवडतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या सामन्यांचे व्हिडिओ हक्क वाहिन्यांचे असतात, तेव्हा कोर्टवरून फोनने काय टिपता येईल आणि काय नाही तेही आधीच विचारून ठेवा. काही राज्यांत सरकारी उपकरणांवर टिकटॉक बंद आहे, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये कॅम्पसच्या वायफायवरही ते बंद केलं. कोचला टिकटॉक हवंच असेल तर फोन कोणाचा, हे स्पष्ट हवं. प्रत्येक व्हिडिओत जे बोललं जातं ते खाली अक्षरांत हवं.

ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या स्वागताचा उत्सव होतो. ही रीत मेरीलँड विद्यापीठात १९७१ मध्ये कोच लेफ्टी ड्रिझेल यांनी सुरू केली असं मानतात. सरावाची परवानगी १५ ऑक्टोबरला सुरू होताच त्यांनी मध्यरात्री खेळाडूंना धावायला उतरवलं होतं. आता त्याचा मोठा सोहळा झाला आहे, केंटकीत तर तिकिटांसाठी चाहते तंबू ठोकून राहतात. या आठवड्यात कोचला कार्यालयातून बाहेर काढा. वसतिगृहाच्या जेवणघरात, बसथांब्यावर, रांगेत उभ्या विद्यार्थ्यांमध्ये. आधी हस्तांदोलन होऊ द्या, कॅमेरा नंतर. विद्यार्थ्यांनी आपल्या फोनवर काढलेले फोटो कोचच्या खात्यावरून पुढे पाठवले की त्या विद्यार्थ्याचे सगळे मित्र आपोआप जोडले जातात. टीममध्ये परदेशी खेळाडू असेल तर सामन्याची वेळ त्याच्या देशाच्या घड्याळातही द्या. पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळी ७ चा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३० ला सुरू होतो. मुलासाठी उठून बसणाऱ्या आईवडिलांना ती एक ओळ फार मोठी वाटते.

सामन्याच्या दिवसाची तयारी यांत्रिक आहे, थोडक्यात सांगतो. कोचचा फोन लॉकर रूममध्ये राहणार आणि खात्याचा सुरक्षा कोड नेमका त्याच फोनवर येणार, म्हणून बॅकअप कोड तुमच्याकडे असू द्या. स्वतःचं खातं आणि कोचचं खातं एकाच फोनवर ठेवू नका, घाईत चुकीच्या नावाने पोस्ट जाते. जिंकल्याचा आणि हरल्याचा असे दोन्ही मसुदे तयार ठेवा, पण एकही आपोआप जाईल असं लावून ठेवू नका. हरल्यावर पत्रकार परिषद संपेपर्यंत खातं गप्प. त्यानंतर जी पोस्ट जाईल तिच्यात प्रेक्षकांचे आभार आणि जबाबदारी कोचची. पंचांबद्दल एक अक्षर नाही, आणि चुकलेल्या फ्री थ्रोबद्दल तर नाहीच. तो टाकणारा मुलगा १९ वर्षांचा असतो आणि त्या रात्री सगळं वाचत बसलेला असतो.

कोचने खातं उघडलं नाही तरी कॅमेरे त्याच्यावर असतातच, हे त्याला समजावून सांगणं तुमच्या कामात येतं. मार्च २०२३ मध्ये आर्कान्सॉने कॅन्ससला ७२-७१ हरवल्यावर त्यांचे तेव्हाचे कोच एरिक मसलमन शर्ट काढून टेबलावर चढले, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि चाहत्यांनी डोक्यावर घेतला. मार्च २०२५ मध्ये कनेटिकट विद्यापीठाची यूकॉन टीम फ्लोरिडाकडून ७५-७७ अशी हरली. कोर्टवरून आत नेणाऱ्या बोगद्यातून जाताना त्यांचे कोच डॅन हर्ली पंचांबद्दल रागाने बोलले, ते एका स्थानिक पत्रकाराच्या फोनमध्ये टिपलं गेलं. व्हिडिओ काढून टाका म्हणून टीमच्या माध्यम अधिकाऱ्याने त्या पत्रकाराला दमात घेतलं, तेव्हा बातमी आणखी मोठी झाली आणि त्या अधिकाऱ्याला माफी मागावी लागली. तुमच्यावर अशी वेळ आली तर कोणालाही काहीही पुसायला सांगू नका. वरिष्ठांना फोन करा, कोचला आत न्या. कोच रिक पिटिनो लुईव्हिल विद्यापीठात असताना सोशल मीडियाला विष म्हणत, त्यांच्या खेळाडूंना ट्विटरची बंदी होती. पुढे सेंट जॉन्स विद्यापीठात आल्यावर त्यांचं स्वतःचं खातं सतत बोलतं असतं. नकार देणाऱ्या कोचशी बोलताना हे उदाहरण हाताशी ठेवा.

आता शिवीगाळीचा भाग. याची तयारी डिसेंबरात करून चालणार नाही. एनसीएएने २०२३-२४ मध्ये खेळाडू, कोच आणि पंच यांना उद्देशून लिहिलेल्या १३ लाखांहून अधिक पोस्ट आणि प्रतिक्रिया तपासून घेतल्या, त्यात ५,००० हून अधिक निश्चितपणे छळ करणाऱ्या निघाल्या. महिला बास्केटबॉलपटूंना आलेल्या धमक्या पुरुषांच्या जवळपास तिप्पट होत्या. मोठा वाटा मार्चमधल्या स्पर्धेच्या काळातला, आणि काही भाग सट्ट्याशी जोडलेला. कोचच्या पोस्टखाली खेळाडूचं नाव टॅग केलं की ही सगळी शिवीगाळ थेट त्या खेळाडूच्या दारी जाते. म्हणून निकाल लागल्यावर टॅग टाळा. शिव्या आपोआप लपवणाऱ्या शब्दगाळण्या लावा, धमकीचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच कॅम्पस पोलिसांकडे पाठवा आणि समुपदेशकाचा नंबर जवळ ठेवा. तो तुम्हालाही लागू शकतो, रात्रभर ते वाचणारे तुम्हीच असता. ब्लॉक करण्याचा निर्णय मात्र एकट्याने घेऊ नका. सरकारी विद्यापीठाचा कोच सरकारी नोकर असतो. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीने लोकांना ब्लॉक करणं केव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतं याची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लिंडके खटल्यात घालून दिली. धमकी आणि टीका यांतली रेघ विद्यापीठाच्या वकिलाकडून लेखी घ्या. टीका राहू द्या. चिडून लिहिणारा माणूस पुढच्या सामन्याला येतोच.

राहिली खात्याची मालकी. हे शेवटी लिहिलंय, पण कागद पहिल्याच आठवड्यात करून घ्या. स्पर्धा संपली की एप्रिलमध्ये खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये (दुसऱ्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांच्या यादीत) नाव घालतात आणि कोचही नोकऱ्या बदलतात. कॅलिपारी यांनी एप्रिल २०२४ मध्ये केंटकी सोडत असल्याचं व्हिडिओ टाकूनच सांगितलं आणि ते आर्कान्सॉला गेले. ट्विटरवर त्यांचे दहा लाखांहून अधिक फॉलोअर्स होते आणि खात्याच्या नावात केंटकीची ‘यूके’ ही अक्षरं होती. तेव्हा नाव निवडताना विद्यापीठाची आद्याक्षरं घालायची का, कोच गेल्यास खातं त्याच्यासोबत जाणार की विभागाकडे राहणार, जुने फोटो आणि व्हिडिओ कोणाचे, पासवर्ड कोणत्या दिवशी बदलायचा, निघणाऱ्या खेळाडूसाठी निरोपाची पोस्ट कोण लिहिणार, हे सगळं एका पानावर लिहून त्यावर कोच, विभाग आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत कंप्लायन्स ऑफिसात द्या.