दानमोहिमेचा ऑनलाइन गट चालवताय? या चुका टाळा

मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत एखादा गरजू पेशंट भरती झाला की तासाभरात नागपूरभर मेसेज फिरतो. महालापासून त्रिमूर्तीनगरापर्यंतची माणसं गटात येतात, पैसेही देतात. दोन महिन्यांनी त्याच गटात सुप्रभाताची फुलं उरतात आणि नव्या हाकेला कुणी ओ देत नाही. लोकांचा हात आखडला, असं आपण म्हणून मोकळे होतो. खरं तर आधी दिलेल्या पैशांचं काय झालं, हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

हिशेब ‘नंतर’ देणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोहीम सुरू असतानाच ठरलेल्या वारी गटात असा मेसेज पडायला हवा: ‘जमा ४२,३००. औषधं ३१,८५०, बिलं सोबत जोडली आहेत. शिल्लक १०,४५०.’ बिलाच्या फोटोवर पेशंटचं नाव झाका. उरलेले पैसे कुठे जाणार, हे पहिल्याच आवाहनात लिहा; मागाहून ठरवायला गेलात तर वाद ठरलेला. रक्कम न जमल्याचंही कळवा. अपुरी राहिलेली मोहीम लोक समजून घेतात, गप्प बसलेला ॲडमिन नाही.

स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेणं. घरच्या किराण्याचे आणि दानाचे पैसे एका खात्यात आले की प्रामाणिक माणसालाही हिशेब लावता येत नाही. शक्य असेल तर नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच पैसे घ्या. तसं नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क बघा. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. ‘८०जीची पावती मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असं तर संस्थेची तशी नोंदणी असल्याशिवाय लिहूच नका. नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही.

योजना न तपासता आवाहन करणं. याचं मला फार वाईट वाटतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या या योजनेच्या मदतनिसाला, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटा, रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. त्यातूनही जी रक्कम कमी पडेल, तेवढीच मागा.

तारीख नसलेला मेसेज. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, पण ‘अर्जंट’ मेसेज वर्षानुवर्षं वर्धा-अमरावतीपर्यंत फिरत राहतो आणि बिचाऱ्या नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. रक्तगट, किती पिशव्या, रुग्णालय, वॉर्ड, तारीख आणि वेळ एवढं लिहाच. गरज भागली की मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा आणि ‘गरज भागली’ असा नवा टाका.

फोटोचं म्हणाल तर आजारी लेकराचा चेहरा दाखवून पैसे जास्त जमत असतील, पण ते लेकरू उद्या शाळेत जाणार आहे. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक टाका, तेवढं पुरतं.

गप्पांसाठी गट वेगळा ठेवा. मदतीच्या गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा, आणि ॲडमिन किमान दोघं असू द्या. एक जण बाहेरगावी गेला तरी हिशेबाचा मेसेज ठरल्या दिवशी पडायला हवा.