गिनी पिगसाठी नाशकात डॉक्टर कसा शोधायचा

गिनी पिग आजारी पडायची वाट बघूच नका, घरी आणल्या आणल्या डॉक्टर हेरून ठेवा. हा प्राणी दुखणं लपवतो आणि एकदा का खाणं थांबलं की १२ ते २४ तासांत प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं, मग रात्री दहाला कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत फोन फिरवत बसायची वेळ येते.

आता पेट क्लिनिकं नाशकात भरपूर झालीयेत पण मुख्य काम कुत्र्या-मांजरांचं. म्हणून आधी फोन. "गिनी पिग बघता का?" याला बरेच जण हो म्हणून टाकतात, त्यात काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा, "डॉक्टर, ऑपरेशनआधी याला किती तास उपाशी ठेवायचं?" रात्रीपासून काही देऊ नका असं उत्तर आलं तर सरळ पुढचा नंबर लावा, कारण याला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतड्यांचं काम मंदावतं, तेच जास्त धोक्याचं. मग अँटिबायोटिक कुठलं देता ते विचारा. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन तोंडातून दिलं तर पोटातले चांगले जंतू मरून जीवावर बेतू शकतं, त्यामुळे घरात उरलेलं लहान मुलांचं सिरप तर अजिबातच नको. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं नाव निघालं तर माणूस माहितगार आहे समजा.

पहिल्यांदा जाल तेव्हा नुसतं बघत राहा. वजन ग्रॅममध्ये करतात का (लॅब्रॅडॉरच्या काट्यावर ठेवलं तर काय डोंबल कळणार), उचलताना मागच्या बाजूला हाताचा आधार देतात का, दाढा तपासायला तोंडात स्कोप घालतात का. पुढचे दात कोणीही बघेल, पण दाढाही आयुष्यभर वाढतात आणि वाकड्या वाढल्या तर जिभेला लागतात. आणि काय खातो हे न विचारताच औषध लिहिलं तर मला तरी भरवसा वाटत नाही, याच्या अंगात व्हिटॅमिन सी तयारच होत नाही, सिमला मिरची, पेरू असं रोज काहीतरी पोटात जावं लागतं.

जाताना आठवड्याच्या वजनांची वही आणि ताज्या लेंड्या पिशवीत घालून न्या.

मुतखड्यासारखं मोठं काही निघालं तर डॉक्टर मुंबईला पाठवू शकतात, परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजचं हॉस्पिटल आहे. उन्हाळ्यात मात्र पहाटेच निघा, गाडीत एसी ठेवा, बॉक्समध्ये सुकं गवत आणि काकडी टाका आणि कसारा घाट उतरला की एकदा थांबून तो खातोय ना ते बघा.