घरातलं जुनं झाड गेलं तर काय करायचं, कुंडी फेकायच्या आधी एवढं बघा

पहिलं म्हणजे घाई करून कुंडी उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. वर्षानुवर्षं हॉलमध्ये उभं असलेलं रबर प्लांट नाहीतर मनी प्लांट पानं टाकतं तेव्हा घरात दोनच प्रकारची माणसं असतात, एक म्हणतात दृष्ट लागली आणि दुसरे म्हणतात मेलं ते, काढून टाक. दोन्हीचं ऐकायच्या आधी झाड खरंच गेलंय का ते बघा की.

आपल्याकडं ही झाडं जास्त करून पावसाळ्यात नाहीतर गणपतीच्या आसपास जातात. कारण उघड आहे, बेळगाव-खानापूर पट्ट्यात जूनपासून झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, टॉवेल वाळत नाहीत तर कुंडीतली माती कुठली वाळणार, आणि आपण मात्र मे महिन्यातल्या सवयीनं रोज सकाळी तांब्या ओततोय. वरची माती जरा कोरडी दिसते पण खाली चिखल असतो. मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी लागते आणि मुळं कुजतात. गंमत म्हणजे मुळं कुजली की वरची पानं पाणी न मिळाल्यासारखीच मान टाकतात, म्हणून माणूस अजून पाणी घालतो. अर्धी झाडं अशीच जातात असं माझं मत आहे, दृष्ट-बिष्ट काय नाही.

आता तपासायचं कसं. शेंड्याकडून सुरू करा, नखानं साल जरासं खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर तो भाग जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर तिथनं खाली सरकत जा, बुडापर्यंत. रबर प्लांटचं अजून सोपं, बारीक टोचलं आणि पांढरा चीक आला तर जीव आहे. स्नेक प्लांटचं पान हळूच ओढा, बुडाशी पिचपिचीत होऊन हातात आलं आणि घाण वास आला तर तो भाग गेला. अॅरिका पामची मधली नवी सुरळी ओढल्यावर सहज निघून आली तर ते खोड संपलं, पामला त्या एका कोंबाशिवाय दुसरी वाढ नसते, पण एका कुंडीत बरीच खोडं असतात त्यामुळं बाकीची बघा. आणि कॅलेडियम असेल तर थंडीत त्याची पानं जाऊन कुंडी मोकळी दिसते, ते मेलेलं नसतं, खाली कंद झोपलेला असतो. कुंडी कोरड्या जागी ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सुरू करा, येतं वर.

मग कुंडी उपडी करा. हे काम अंगणात नाहीतर गच्चीवर पेपर पसरून करा. चांगलं मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि हातात नुसता दोरा राहतो, वास तर विचारूच नका. मातीकडं पण बघा. निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती शेतात सोनं असेल पण कुंडीत नुसती ती भरली तर पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात आक्रसून कडेनं भेगा पडतात. मुळांच्या आसपास पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, मग रोग वेगळा आणि उपाय पण वेगळा.

मुळं थोडी चांगली उरली असतील तर कुजकी सगळी कापा, वरची पानं पण कमी करा आणि लहान कुंडीत नव्या मातीत लावा. पण बुडापर्यंत कुज चढली असेल तर झाड वाचवायचा नाद सोडा आणि तुकडा वाचवा, इथं खरा वेळ घालवायचा. चाकू दर वेळी स्पिरिटनं पुसा आणि बुडाकडून वर कापत जा, कापलेल्या जागेत तपकिरी ठिपका दिसेल तिथवरचं टाकून द्या.

मनी प्लांटला पेर पाहिजे, जिथं पान फुटतं ती गाठ. नुसतं पान बाटलीत घातलं तर ते महिनोन् महिने हिरवं राहील, कधी मूळ पण सोडेल, पण त्याला वेल फुटणार नाही. रबर प्लांटचा शेंडा वीतभर घ्या, चीक पुसून टाका (हाताला लागू देऊ नका, काही जणांना खाज येते), दोन पानं ठेवा आणि ओलसर वाळूत लावा, महिना-दीड महिना सहज लागतो. कोणीतरी गुट्टी बांध (म्हणजे फांदीची साल काढून तिथं ओलं शेवाळ बांधायचं आणि झाडावरच मुळं आणायची) म्हणून सांगेलच, ती धडधाकट झाडावर बांधायची असते, खाली मुळंच कुजलीत तर तेवढा वेळ नसतो. स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तरी रोप होतं, फक्त पिवळ्या काठाचं असेल तर पानापासून येणारं रोप बिनकाठाचं नुसतं हिरवं येतं, काठ पाहिजे तर कंदाचाच तुकडा फोडून घ्या. डिफेनबेकियाचं खोड बोटभर तुकडे करून आडवं लावलं तरी फुटतं पण त्याचा रस तोंडात गेला तर जीभ सुजते, पोरं जवळ नकोत.

आणि आपलं ब्रह्मकमळ, जे फुललं की रात्री गल्लीतली माणसं बोलावून पूजा करतात, ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या जातीतलं झाड आहे, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं त्याचं खोड, म्हणून तर त्यालाच फूल येतं. वीतभर तुकडा दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या मग लावा, ओला लावला की कुजतो.

एवढं करून काहीच हाताला लागलं नाही तर फोन काढा. जुनं झाड म्हणजे त्याची कटिंग कुणाकुणाला दिलेली असतेच, शहापूरची मावशी, वडगावची नणंद, बदली होऊन धारवाडला गेलेले शेजारी. कटिंगपासून झालेलं रोप हे बीपासून झाल्यासारखं वेगळं नसतं, तेच झाड असतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं ब्रह्मकमळ असंच गेलं होतं आणि ते परत आलं खानापूरच्या एका लग्नघरातनं, मागच्या दारी कंपाउंडला टेकून वाढलेलं, कुणाच्या लक्षात पण नव्हतं. घरात म्हातारं माणूस असेल आणि झाड त्यांच्या हातचं असेल तर हे आधी करा, दुसऱ्या दिवशी नर्सरीतनं तसलंच आणून त्याच जागी ठेवू नका, त्यांना लगेच कळतं. वाईट वाटायचं तेवढं वाटू दे, "झाडच होतं की" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

जुनी माती त्याच कुंडीत परत वापरू नका. रोग होता तर ती पारदर्शक प्लास्टिकखाली ओली करून एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापवा, नाहीतर लांब टाकून द्या. कुंडी घासून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी करून अर्धा तास बुडवा, नंतर धुऊन उन्हात वाळवा. त्या पाण्यात टॉयलेट क्लीनर वगैरे मिसळू नका, विषारी गॅस होतो. पिठ्या ढेकणाला निपाणीकडची माणसं तंबाखूचं पाणी सांगतात, त्यानं किडे मरतात खरे पण ते माणसालाही विषच आहे आणि तंबाखूतला मोझॅक रोग शेजारच्या टोमॅटो-मिरचीला लागू शकतो, त्यापेक्षा साबणाचं पाणी आणि कापूस बरा.

नवीन माती करताना खानापूरकडची तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळा. तूस आपल्याकडं भाताच्या गिरणीत सहज मिळतं, माती भुसभुशीत राहते. खानापूरची मातीची कुंडी मिळाली तर उत्तमच, ती बाजूनं पण पाणी सुकवते. रोप लहान तर कुंडी पण लहान, मोठ्या कुंडीत लहान रोप म्हणजे परत तीच ओल.

पावसाळ्यात बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. आणि गणपतीला गावाकडं जाताना शेजाऱ्यांना नुसती किल्ली देऊन "पाणी घाला हं" म्हणू नका, कुठल्या कुंडीला किती आणि कुठल्या दिवशी ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर ते बिचारे प्रेमानं रोज बादली ओततात.