काचेवर लिपिडांचे द्विस्तरी पटल कसे तयार करावे

जिवंत पेशीच्या पटलावर शेकडो प्रकारची लिपिडे, म्हणजे चरबीसारखे रेणू, आणि प्रथिने एकाच वेळी वावरत असल्यामुळे तेथे कोणत्या घटकाचा परिणाम कोणता, हे वेगळे काढणे कठीण असते. म्हणून मोजक्याच लिपिडांचे पटल काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर बांधून त्यावर प्रयोग केले जातात. लिपिडांच्या सूक्ष्म पोकळ गोलांचे, म्हणजे व्हेसिकलांचे, द्रावण स्वच्छ काचेवर सोडल्यास ते गोल काचेला चिकटतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळून सलग द्विस्तर, म्हणजे लिपिडांच्या दोन थरांचे पटल, तयार होतो. ब्रायन आणि मॅककॉनेल या संशोधकांनी १९८४ साली अशीच पटले वापरून टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, चेतवले होते. पटलाची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर असते आणि त्याच्या व काचेच्या मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा पाण्याचा थर राहतो. या थरामुळेच लिपिडांचे रेणू पटलाच्या प्रतलात मोकळेपणाने सरकू शकतात.

सुरुवातीला डीओपीसी किंवा पीओपीसी हे लिपिड निवडावे. दोन्ही सामान्य तापमानाला प्रवाही असतात. डीपीपीसी हे लिपिड सुमारे ४१ अंश सेल्सिअसच्या खाली गोठलेल्या अवस्थेत असते, त्यामुळे ते वापरायचे असल्यास पुढील सर्व कृती त्याहून अधिक तापमानाला कराव्या लागतात. नवख्याने ही कटकट ओढवून घेऊ नये. क्लोरोफॉर्ममधील लिपिडात अर्धा ते एक मोल टक्का चमकणारे लिपिड, उदाहरणार्थ ऱ्होडामाइन हा चमकणारा रंग जोडलेले पीई हे लिपिड, मिसळावे. क्लोरोफॉर्म धुरांड्याच्या कपाटातच हाताळावे आणि त्यासाठी काचेची सिरिंज वापरावी, कारण प्लास्टिकमधील द्रव्ये त्यात विरघळून नमुन्यात उतरतात. नायट्रोजनच्या झोतात क्लोरोफॉर्म उडवून लावावे आणि उरलेला अंश निघून जाण्यासाठी कुपी काही तास निर्वातात ठेवावी.

या कोरड्या थरावर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, घालून लिपिडाचे प्रमाण मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे. १० मिलिमोलर हेपीस, १५० मिलिमोलर मीठ आणि ७.४ पीएच असलेले बफर बहुतेक कामांना पुरते. कुपी जोरात हलवून तयार झालेले दुधाळ द्रावण काही वेळा गोठवून वितळवावे आणि नंतर १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून अकरा किंवा एकवीस वेळा दाबून काढावे. फेऱ्यांची संख्या विषम ठेवल्याने शेवटचे द्रावण दुसऱ्या सिरिंजमध्ये जमते आणि एकदाही न गाळले गेलेले मोठे गोल पहिल्या बाजूला राहतात.

या सर्व खटाटोपापेक्षा काचेची स्वच्छता अधिक महत्त्वाची आहे. पटल नीट न बसल्यास बहुतेक जण लिपिडांना दोष देतात. संशय आधी काचेवर घ्यावा. काच डिटर्जंटने धुऊन, शुद्ध पाण्याने भरपूर खळखळून, नायट्रोजनने वाळवावी आणि अतिनील-ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा यांच्या साहाय्याने तिच्यावरील सेंद्रिय मळ घालवावा. सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रणही हे काम करते, परंतु सेंद्रिय द्रव्याशी त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून शक्य असेल तेथे ते टाळावे. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब लगेच पसरतो; तो गोलसर उभा राहिला तर सफाई पुन्हा करावी. स्वच्छ केलेली काच हवेतील मळ झपाट्याने धरते, त्यामुळे ती त्याच दिवशी, शक्यतो लगेच वापरावी.

काचेवर लहान कक्ष बसवून त्यात मिलिलिटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतके पातळ केलेले व्हेसिकल सोडावेत आणि दहा ते तीस मिनिटे थांबावे. गोल फुटत नसल्यास दोन मिलिमोलर कॅल्शियम बऱ्याचदा उपयोगी पडते. पुढे धुताना कक्षातील द्रव कधीही पूर्ण काढू नये. पटलाला क्षणभर जरी हवा लागली तरी ते उखडते, म्हणून पिपेटचे टोक भिंतीकडे धरून थोडे बफर घालावे, तितकेच काढावे आणि हे अनेकदा करावे.

काच सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी चमकली म्हणजे पटल तयार झाले, असे मानू नये. न फुटलेल्या व्हेसिकलांची दाटीही तशीच चमकते. खरी कसोटी प्रवाहीपणाची आहे. तीव्र प्रकाशाने एक वर्तुळ विझवावे आणि आजूबाजूची चमकणारी लिपिडे आत येऊन ते पुन्हा उजळते का, हे पाहावे. सुट्या गोलांत अडकलेली लिपिडे शेजारी जाऊ शकत नाहीत, त्यामुळे तेथे वर्तुळ काळेच राहते. विझवण्याचा वेळ अल्प असल्यास विसरण गुणांक, म्हणजे लिपिडे किती झपाट्याने पसरतात याचे माप, काढण्यासाठी त्रिज्येच्या वर्गाला ०.२२४ ने गुणून अर्ध्या पुनर्प्राप्तीच्या वेळेने भागावे. त्रिज्या १० मायक्रोमीटर आणि हा वेळ ११ सेकंद असल्यास उत्तर सेकंदाला सुमारे दोन चौरस मायक्रोमीटर येते, जे काचेवरील डीओपीसीसाठी समाधानकारक आहे. क्वार्ट्‌झ स्फटिक सूक्ष्मतुला, म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेले वस्तुमान स्फटिकाच्या कंपनाच्या वारंवारतेवरून मोजणारे उपकरण, उपलब्ध असल्यास आणखी चांगले: ५ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकावर वारंवारता आधी बरीच उतरते आणि गोल फुटून त्यांतील पाणी निघून गेल्यावर सुमारे उणे २६ हर्ट्‌झवर स्थिरावते. सोन्यावर मात्र हे गोल न फुटता तसेच चिकटून राहतात.

पटलाच्या आरपार जाणारी प्रथिने बसवायची असतील तर ही साधी रचना पुरत नाही. प्रथिनाचा पाण्याकडील भाग मधल्या अरुंद थरात मावत नाही आणि काचेला घासून अडकतो. अशा वेळी काचेवर आधी पॉलिमरची गादी अंथरावी किंवा लांब साखळीच्या रेणूंनी पटल काचेपासून उचलून धरावे, आणि प्रथिने खरोखर सरकतात की नाही याची तीच कसोटी लिपिडांपासून स्वतंत्रपणे घ्यावी.