मानेत लाइन आणि अंगात हुडहुडी : या चुका टाळा

पावसाळ्यात नाशिकमध्ये कुणालाही थंडी वाजून ताप आला की पहिली शंका डेंग्यूची. ते साहजिकच आहे. पण ज्याच्या मानेत डायलिसिसची किंवा आयसीयूतली लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आहे, त्याच्या बाबतीत पहिली शंका लाइनवरच घ्या. डेंग्यूची तपासणी करा, मलेरियाची करा, पण कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, त्यांच्यासाठी थांबवू नका.

निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार, वय पन्नाशीचं. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) अजून तयार नव्हता, म्हणून परमकॅथवर, म्हणजे मानेतल्या जास्त दिवसांच्या लाइनवर, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू. ऑगस्टमध्ये मशीन सुरू झाल्यावर तासाभरात त्याला हुडहुडी भरू लागली. दोन ब्लँकेटं घातली तरी कॉट हलायची. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असे. दर वेळी पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक टोचून त्याला घरी पाठवलं गेलं. असे तीन आठवडे गेले. माझ्यासमोर आला तेव्हा फाइलमध्ये कल्चरचे दोन रिपोर्ट होते, दोन्हींवर 'नो ग्रोथ'. मी वेळा तपासल्या. दोन्ही वेळा रक्त अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर काढलेलं होतं, त्यामुळे बाटलीत जंतू वाढलेच नाहीत. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर, तापाचं राहू द्या, कंबर लय धरलीय."

आम्ही लाइनमधून आणि हातातून, दोन्हीकडून रक्त घेतलं. लाइनची बाटली हातातल्या बाटलीच्या तीन तास आधी पॉझिटिव्ह झाली, म्हणजे तिच्यात जंतू आधी वाढले. दोन्हींत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा घातक जंतू. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यात जंतुसंसर्ग दिसला. लाइन त्याच दिवशी काढली, अन्ननलिकेतून हृदयाचा इको केला, सहा आठवडे अँटिबायोटिक दिलं. ऑक्टोबरची गोडी छाटणी त्याने कमरेला पट्टा बांधून, बांधावर खुर्ची टाकून, भावाकडून करून घेतली. पहिल्या हुडहुडीला दोन बाटल्या रक्त काढलं असतं, तर बहुधा हे मणक्यापर्यंत गेलंच नसतं.

लाइनच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर साचतो. डायलिसिसमध्ये रक्त जोराने वाहू लागलं की त्यातले जंतू थेट अंगभर पसरतात. म्हणून हुडहुडी मशीनवर असताना भरते. ही वेळ फाइलमध्ये लिहून ठेवा, निदानाचा अर्धा पुरावा त्यातच असतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी रक्त, मग अँटिबायोटिक. पेशंट शॉकमध्ये असला तरी दोन सेट रक्त काढायला पाच मिनिटं पुरतात, औषध तोवर सिस्टर भरून ठेवतात. एक सेट लाइनमधून, एक शिरेतून, आणि प्रत्येक बाटलीत सारखंच, 8 ते 10 मिली रक्त. फिस्टुलासाठी राखलेल्या हाताच्या शिरेला सुई लावायची नाही, हाताच्या पाठीवरची शीर घ्यायची. तीही मिळत नसेल तर डायलिसिसच्या ट्यूबिंगमधून. क्लोरहेक्झिडिन-स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या कातडीत सुई घालणाऱ्या घाईमुळेच कंटॅमिनेशनचे, म्हणजे कातडीवरचे जंतू बाटलीत गेल्याचे, रिपोर्ट येतात आणि मग आठवडाभर त्यावर वाद चालतो. बाटलीवर 'लाइन' किंवा 'हात' आणि वेळ मी स्वतः लिहितो. दोन्ही बाटल्या एकाच वेळी लॅबच्या कल्चर मशीनमध्ये गेल्या पाहिजेत. लाइनची बाटली किमान 2 तास आधी पॉझिटिव्ह झाली तर दोष लाइनचा, पण हा हिशोब एक बाटली रात्रभर टेबलावर राहिली की संपला. आणि कृपा करून कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका.

दुसरी चूक म्हणजे लाइन वाचवण्याचा हट्ट. नवी लाइन टाकायला खर्च येतो, शिरा संपलेल्या असतात, नातेवाईक सुरगाण्याहून एसटीने येतात, हे सगळं मला मान्य आहे. तरीही ऑरियस, कॅन्डिडा (बुरशी) किंवा स्यूडोमोनास (आणखी एक चिवट जंतू) निघाला, बीपी पडला, लाइन कातडीखालून जाते त्या बोगद्याच्या जागी पू दिसला, किंवा योग्य औषध देऊनही 72 तासांनंतर रक्तात जंतू राहिले, तर लाइन काढायचीच. कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ (ऑरियसचा कातडीवर राहणारा सौम्य भाऊबंद) असेल आणि पेशंट स्थिर असेल, तर रक्तात अँटिबायोटिक चालू ठेवून, शिवाय लाइनमध्ये अँटिबायोटिकचं लॉक भरून, म्हणजे औषध आतच कोंडून, 10 ते 14 दिवस प्रयत्न करता येतो. तोच जंतू एकाच बाटलीत आला आणि बाकीच्या कोऱ्या राहिल्या, तर तो बहुतेकदा कातडीवरचा असतो, त्यावर लगेच व्हँकोमायसिन लावू नका.

रक्तात कॅन्डिडा आला तर तो कधीच कंटॅमिनेशन समजू नका. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

काढलेल्या प्रत्येक लाइनचं टोक लॅबला पाठवायची गरज नाही, ताप आणि संशय असेल तरच पाठवा.

रिपोर्टमध्ये ऑरियस मेथिसिलिनला संवेदनशील, म्हणजे त्या गटातल्या औषधांनी मरणारा, आला, तर व्हँकोमायसिन सोडून सेफॅझोलिनवर या. या जंतूवर ते जास्त चांगलं, शिवाय डायलिसिसनंतर देता येतं.

फ्लशसाठी, म्हणजे लाइन धुवायला, सलाइनची एकच बाटली, तिच्या बुचात रोवून ठेवलेली सुई, आणि तीच बाटली चार पेशंटना. हे मला दिसलं की मी बाटली तिथेच ओतून देतो. एका बाटलीतले जंतू एका दिवसात सगळ्या वॉर्डच्या रक्तात जाऊ शकतात.

औषधाचे दिवस ताप उतरल्यापासून मोजू नका. ज्या दिवशी काढलेल्या रक्ताचं कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं, तो पहिला दिवस. ऑरियसला तिथून किमान 14, इकोत हृदयाच्या झडपेवर काही दिसलं तर चार ते सहा आठवडे, मणका धरला असेल तर किमान सहा आठवडे. ती तारीख मी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहितो, कारण डिस्चार्ज लिहिणारा डॉक्टर नेहमी दुसराच असतो.