लाइन थांबली तर माहिती कुठे अडली ते शोधा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंग लाइनवर नव्यानं आलेल्या मुलांना मी सांगतो: पाना उचलण्याआधी माहितीचा माग काढा. सुरुवात सेन्सरपासून. प्रेशर ट्रान्समीटर दाब मोजून विजेच्या प्रवाहानं कळवतो; त्याचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर. दाब शून्य असला तरी ४ यायलाच हवेत. मीटरवर ० दिसला, तर वायर तुटलीय किंवा सप्लाय गेलाय. किती शहाणी रचना आहे ही! मग पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा छोटा संगणक. तो इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट देतो, आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून. इनपुटचा दिवा लागला पण आउटपुटचा नाही, तर इंटरलॉक, म्हणजे अट पुरी होईपर्यंत मशीन रोखून धरणारी सोय, तपासा. स्काडाचा, म्हणजे लाइनवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचा, पडदा शेवटी. पीएलसी सांगेल तेच तो दाखवतो. पावसाळ्यात मात्र सप्लाय बंद करून जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरी जोडलेली पेटी, आधी उघडा. आपली खारी, दमट हवा त्यातली टर्मिनल, म्हणजे वायरींचे जोड, खाते.